खांड म्हणजे काय?

ज्या साहेबामुळं हे सगळं झालं त्याचं नाव मी या लेखात कुठंही लिहिणार नाही. विसरलो म्हणून नव्हे. आडनावासकट, पदव्यांसकट पाठ आहे मला. पण त्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट जिवापाड जपली, ती म्हणजे छापील कागदावरचं स्वतःचं नाव. आणि ज्याच्या जिवावर ते छापलं गेलं त्याला त्यानं तळटिपेतसुद्धा जागा दिली नाही. तेव्हा माझ्यापुरतं उट्टं मी असं काढतो. त्याला अहोजाहोही करणार नाही. हे वाचून त्याच्या नात्यागोत्यातल्या कुणाला राग आला तर येऊ दे.

हिराजी म्हात्रे मास्तर मात्र मला पुऱ्या नावानं लिहायचे आहेत.

स्वातंत्र्यानंतर दोनतीन वर्षांनी मी उरणच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा ते तिथं विज्ञान आणि भूगोल शिकवत होते. उंच, काळे, अंगावर गळाबंद कोट आणि खाली अनवाणी पाय. मिठागरात जन्म गेलेल्या माणसाचे तळवे चपलेत राहात नाहीत, असं ते म्हणत. कुठल्याही नव्या जागी गेले की आधी उजव्या पायाची टाच जमिनीवर दाबायचे आणि क्षणभर थांबायचे. माझ्या भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. मी विचारलं, "काय बघता?" म्हणाले, "बसतंय का बघतो." जमीन बसते, खचते, सरकते, हे त्यांना इतकं नक्की ठाऊक होतं की स्थिर जमिनीचं त्यांना कौतुक वाटायचं.

रागाच्या बाबतीत मात्र ते कातळ होते. उरणातल्या एका न्हाव्यानं एकदा बोलण्याच्या नादात त्यांच्या कानाला वस्तरा लावला. त्यानंतर मी तिथं असेपर्यंत मास्तर केस कापायला पायी करंजाला जात. न्हावी बिचारा दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन घरी यायचा. मास्तर ताट घ्यायचे, त्याची विचारपूस करायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा करंजाची वाट धरायचे. आमच्या आधीच्या हेडमास्तरांनी कधीतरी त्यांना "मिठागरातला मजूर" म्हटलं होतं. त्या हेडमास्तरांच्या घरी सत्यनारायणाला मास्तर दरवर्षी जात, आणि दरवर्षी उभेच राहात. कितीही आग्रह झाला तरी "मजूर उभाच बरा" एवढंच म्हणत. तीन वर्षांनी हेडमास्तरांनी पूजाच बंद केली. मास्तरांना त्याचा केवढा आनंद झाला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. "राग विसरला की फुकट गेला," असं ते म्हणायचे, आणि मुलांच्या प्रयोगवह्या तपासायला घ्यायचे.

लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ हसुराम आणि त्याची बायको जनी यांच्याकडं दोन वेळा जेवायचे. खाडीच्या कडेला हसुरामचं मिठागर होतं, बापापासून चालत आलेलं. त्या मिठागराच्या उत्पन्नावर मास्तर मॅट्रिक झाले होते आणि हसुराम चौथीतून उठला होता. घरात याबद्दल कुणी कधी बोलत नसे. जनीवहिनी दिराला मीठ वाढताना ताटाकडं न बघता म्हणायची, "भावजी, आपल्या वाफ्याचा हाय." मास्तर आधी तेवढं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचे आणि मग भाताला हात लावायचे.

मॅट्रिक झाल्यावर एका सरकारी अधिकाऱ्यानं त्यांना पंजाबात नेलं होतं. तिथं मिठाचे डोंगर आहेत. आमच्याकडं मीठ उन्हात पिकतं, तिकडं ते डोंगराच्या पोटातून खणून काढतात. मिठागरातल्या पोराला मिठाची पारख असणार, एवढाच त्या अधिकाऱ्याचा विचार. आधी नमुन्यांची पोती उचलायची, मग पोत्यांवर खुणा घालायच्या, मग नकाशासाठी मोजमापं घ्यायची, असं करत बाराएक वर्षांत मास्तर त्या डोंगरांचे जाणकार झाले. पदवी नव्हती, त्यामुळं हुद्दा मदतनिसाचाच. आणि ज्याचे ते मदतनीस, तो आपला साहेब. मराठीच, पण इंदुराकडं वाढलेला.

त्यांचा वाद कशावरून होता ते मला मास्तरांनी इतक्या वेळा सांगितलंय की भूगोलाचं काही न कळणारा मीही ते झोपेत सांगेन. फार पूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, जमीन ताणली जाऊन फाटली आणि खचदरी झाली. त्या खड्ड्यात समुद्र शिरला, आटला, पुन्हा शिरला, पुन्हा आटला, आणि तळाशी मिठाचा जाड थर बसला. मग नद्यांनी वर वाळू आणि गाळ आणून टाकला. आता या गाळाचे थर कुठं जाड आहेत, कुठं पातळ. साहेब म्हणायचा, जिथं गाळ जाड तिथं खड्ड्याचं बूड जास्त खचलं असलं पाहिजे. मीठ काय, ते नुसतं खाली पडून आहे. मास्तर म्हणायचे, मीठ पडून राहात नाही. वर वजन आलं की ते कणकेच्या गोळ्यासारखं बाजूला सरकतं. जिथून सरकतं तिथं वरची जमीन बसते. बसली की खळगा होतो, खळग्यात आणखी गाळ येतो, त्याच्या वजनानं आणखी मीठ पळतं. पळालेलं मीठ शेजारी गोळा होऊन उंचवटा उठतो, आणि त्या उंचवट्यावर गाळ ठरतच नाही. शेवटी एके ठिकाणचं मीठ पार संपतं, वरचा गाळ थेट बुडाला टेकतो आणि तिथलं बसणं थांबतं. मग त्याच्या दोन्ही बाजू बसायला लागतात. म्हणजे जाड गाळ दिसला म्हणून बूड खोल समजायचं नाही. तिथून कोण निघून गेलं ते विचारायचं.

हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. लहानपणी बापाबरोबर बांधावर माती टाकताना त्यांनी पाहिलं होतं, की मऊ चिखलावर जास्त माती पडली की बांध खाली जातो आणि चार हातांवर वाफ्याचं बूड वर येतं. पंजाबातल्या डोंगरात त्यांनी तेच ओळखलं. वर्षानुवर्षं पायी फिरून त्यांनी मीठ कुठं फुगलंय, कुठं पातळ झालंय आणि कुठं पार निघून गेलंय याच्या खुणा वहीत केल्या. इंग्रजी बेताचं होतं, म्हणून मराठीत केल्या. जिथं मीठ पार निघून गेलं होतं तिथं त्यांनी मिठागरातला शब्द लिहिला, 'खांड'.

सत्तेचाळीस साली दोन तासांत निघावं लागलं. मास्तरांची ट्रंक, वही तिच्यातच, साहेबाच्या जीपमध्ये चढली आणि मास्तर जी मिळेल त्या गाडीनं, नेसत्या कपड्यानिशी दिल्लीला आले. साहेबानं सांगितलं, "ट्रंक वाटेत गेली रे. जीव वाचला हे काय थोडं आहे?" मास्तरांनी मान डोलावली, उरणला आले आणि शाळेत लागले. त्या बोलण्यावर त्यांनी सहा वर्षं विश्वास ठेवला, आणि या सहा वर्षांचा त्यांना ट्रंकेपेक्षा जास्त राग होता.

तो विश्वास माझ्या हातून मोडला. एका निवृत्त इंजिनिअरच्या घरच्यांनी त्याच्या जुन्या पुस्तकांची पेटी शाळेला दिली होती. त्यात एका इंग्रजी नियतकालिकात डोंगराचा उभा छेद काढलेला मला दिसला. रेघा इतक्या सुबक होत्या की मी तो मुद्दाम मास्तरांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी पान उजेडात धरलं आणि एका एका थरावरून बोट फिरवायला लागले. मध्येच बोट थांबलं.

"हितं काय लिवलंय?" शाळेत ते असं कधी बोलत नसत.

मी वाचलं. साखरेसारखं दाणेदार मीठ, अशा अर्थाचे शब्द होते.

"आनि हितं?"

तेच होतं. अशा सात जागा होत्या. लेखाच्या डोक्यावर साहेबाचं नाव. मास्तर एकदम हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मग त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि मला समजावून सांगितलं.

आमच्या खारपट्टीत बांध फुटून पडलेल्या खिंडाराला खांड म्हणतात. खांड पडली म्हणजे आतलं होतं ते निघून गेलं. साहेब इंदुराकडचा. त्याला खांड म्हणजे हिंदीतली साखर. वहीत 'इथं खांड' वाचून त्यानं इमानेइतबारे भाषांतर केलं, आणि ज्या सात ठिकाणी मिठाचा कणही नव्हता तिथं साखरेसारखं मीठ छापलं. बाकी सगळं मास्तरांचं होतं. मीठ सरकण्याचा, जमीन बसण्याचा, गाळ साठण्याचा सारा विचार जसाच्या तसा. ज्या विचाराला साहेब तोंडावर हसायचा, तोच.

मी म्हणालो, छापणाऱ्यांना पत्र लिहू. मी इंग्रजीत लिहून देतो.

"आनि पुरावा काय देशील? वही त्याच्याकडं." मग नेहमीच्या शाळेतल्या मराठीत म्हणाले, "नाही ड्राइंगमास्तर. त्याच्या तोंडानं वदवायचं. ज्यांना खांड म्हणजे काय ते ठाऊक आहे अशांच्या पुढं."

तीन दिवस ते शाळेत आले नाहीत, मिठागरावर बसून होते. चौथ्या दिवशी आले ते एक लाकडी खोकं बनवण्याचं काम घेऊनच. पुढच्या बाजूला काच, आणि तळाची एक फळी खाली सोडता येईल अशी. तळाशी खाडीचा मऊ चिखल, तो मिठाच्या जागी. वर वाळूचे थर, ओळखू यावेत म्हणून रांगोळीच्या रंगांचे. रंग माझे. फळी जराशी सोडायची म्हणजे खचदरी झाली, आणि मग एका बाजूनं चमच्याचमच्यानं वाळू टाकत राहायचं. दोन आठवड्यांत काचेतून दिसायला लागलं. वाळूखालचा चिखल पातळ होत गेला, तिथं रंगीत थर वाटीसारखे खाली वाकले आणि शेजारी चिखलाचा डोंगर वर आला. फळी त्यानंतर कुणी हलवलीही नव्हती. मुलं मधल्या सुट्टीत खोक्याला नाक लावून बसायची. मास्तर त्या वर येणाऱ्या चिखलाला साहेबाच्या नावानं हाक मारायचे. "बघा, दुसऱ्याच्या वजनावर कसा वर चढतोय," म्हणायचे. मुलांना ते चिखलाचं शास्त्रीय नावच वाटायचं. एकानं परीक्षेत लिहिलंसुद्धा, आणि मास्तरांनी त्याला पूर्ण मार्क दिले.

अशी आणखी पाच वर्षं गेली. मी त्यांच्याबरोबर वाट बघायला शिकलो होतो. खरं सांगतो, माझं तेव्हाचं आयुष्य फिकं होतं. मास्तरांचा राग ही त्यातली सगळ्यांत चवदार गोष्ट होती.

मग बातमी आली की खाडीवर मोठा सरकारी बंधारा होणार. आतल्या खारजमिनीत भात पिकेल, वरून रस्ताही जाईल. बंधाऱ्याची आखणी नेमकी मिठागरांच्या कडेनं, जिथं जुन्या खाडीच्या पात्रात दोन पुरुष खोल मऊ चिखल होता तिथून. जमिनीबद्दल सल्ला द्यायला सरकारनं कुणा तज्ज्ञाला पाठवलं होतं. त्याचं नाव नोटिशीवर वाचून मास्तर वर्गात गेले आणि त्यांनी दोन तास सलग शिकवलं. इतकं चांगलं शिकवताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबानं त्यांना डाकबंगल्यावर बोलावलं. शाळेच्या पाटीवर नाव वाचून त्यानं ओळखलं असावं. मी सोबत गेलो आणि व्हरांड्यात बसलो. खिडकी उघडी होती.

साहेब गोड बोलला. चहा मागवला. मग म्हणाला, "म्हात्रे, तुला काय वाटतं या आखणीबद्दल?"

"चिखल सरकेल. बंधारा खाली जाईल. शेजारच्या मिठागरांची बुडं वर येतील."

"बरोबर आहे तुझं." हे तो किती सहज बोलला. "मीही तेच म्हणतो. शंभर हात मागं कातळ आहे, तिथून बंधारा न्यायला हवा. खर्च वाढतो म्हणून वरचे कुरकुरतील, पण माझ्या एका सहीचं काम आहे. करून देतो मी." चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "फक्त उद्या सभेत पंजाबातल्या जुन्या गोष्टी नकोत. माझंही वय झालं, तुझंही झालं."

 मग मास्तर म्हणाले, "बरं."

साहेब तो होकार समजला. मीही समजलो. परतताना आम्ही मिठागरांच्या बांधावरून आलो. हसुराम आणि जनी वाफ्यात उभे राहून मीठ ओढत होते, आणि कडेला पांढऱ्या राशी लागल्या होत्या. जनीनं लांबूनच विचारलं, "भावजी, सायेब काय बोलला?" मास्तर म्हणाले, "उद्या सभेत कलेल." पुढं गेल्यावर ते थांबले. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी सल्ला विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.

"ड्राइंगमास्तर, काय करू?"

मला सगळं माहीत होतं. चिखल मी खोक्यात पाहिला होता. पाठीमागं दोन माणसं मीठ ओढत होती तेही दिसत होतं. मी म्हणालो, "विचारा."

सभा शाळेच्या अंगणात भरली. दोनशेएक माणसं असतील, बहुतेक मिठागरवाले, बायका एका बाजूला. व्यासपीठावर साहेब आणि दोन अधिकारी. साहेबानं जमीन, पाणी, प्रगती यावर भाषण केलं आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाला. मास्तर उठले. त्यांच्या कोटाच्या खिशात घडी केलेला कागद होता. बंधारा मागं कातळावर नेणार का, हा प्रश्न त्यावर मी माझ्या अक्षरात लिहून दिला होता. तो दुसरा प्रश्न. पहिला लिहायची गरज नव्हती.

"साहेब, एका शब्दाचा अर्थ विचारायचा आहे. खांड म्हणजे काय?"

साहेबाला यात धोका दिसला नाही. अडाणी लोकांतल्या शाळामास्तराची हौस समजून तो हसला. "खांड? म्हणजे साखर. कच्ची साखर."

 मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बाय, बांधाला साखर पडते का याच्या गावात?" आणि सगळं अंगण हसायला लागलं. हसुराम हसत होता, जनी पदर तोंडाला लावून हसत होती. अधिकारीही हसले. मास्तरांनी ते नियतकालिक वर धरलं आणि चार वाक्यांत सांगितलं, की ज्या वहीतून हे चोरलं त्या वहीत खांड लिहिलं होतं, चोराला शब्द कळला नाही, म्हणून त्यानं सात खांडींत साखर भरली. एक अधिकारी नियतकालिक मागून घेऊन वाचायला लागला. साहेबाची मान खालून वरपर्यंत लाल होत गेली, ती मी शेवटपर्यंत पाहिली. आजही आठवली की बरं वाटतं.

हसणं थांबेना. मास्तर तसेच उभे होते, खिशातल्या कागदावर हात. मग ते खाली बसले. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. दुसऱ्या अधिकाऱ्यानं घाईनं आभार मानले आणि सभा संपली. लोक घरी जाताना एकमेकांना "साखर घाल रं" म्हणत होते. बंधाऱ्याचं कुणी काहीच बोललं नाही.

साहेबानं काही सूड घेतला असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यानं फक्त काहीच बदललं नाही. जुन्या आखणीवर 'जमीन स्थिर' लिहून सही केली आणि मुंबईला निघून गेला.

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. दगडमाती पडायला लागली आणि महिनाभरात बंधारा बसायला लागला. बसला की इंजिनिअर वर आणखी भर टाकायचे. भर टाकली की तो आणखी बसायचा. हसुरामच्या वाफ्यांची बुडं आधी बोटभर वर आली, मग वीतभर. मिठागराचं बूड पाण्याच्या पातळीत सपाट लागतं. एका कोपऱ्यात उंचवटा आला की पाणी ठरत नाही आणि पाणी ठरलं नाही की मीठ धरत नाही. मोसम संपायच्या आत हसुरामच्या मिठागराच्या मध्यावर गुडघाभर उंच, चिरा पडलेली चिखलाची पाठ उठली होती. शेजारच्या चौघांचंही तेच झालं.

मास्तर रोज शाळा सुटल्यावर मोजायला जायचे. एकदा मीही गेलो. ते त्या उठलेल्या चिखलावर काठी घेऊन उभे होते. बंधारा किती खाली गेला, चिखल किती वर आला, भर कधी पडली, सगळं वहीत मांडलेलं. मला बघून म्हणाले, "जसंच्या तसं आहे, ड्राइंगमास्तर. जसंच्या तसं. तिकडं लाख वर्षं लागली, इथं आठ महिने." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणतात. खाली कोरड्या वाफ्यात जनी रिकामी टोपली घेऊन उभी होती आणि ती आमच्याकडं बघत होती. मी चटकन बांधावरून खाली उतरलो. मास्तरांना ती दिसलीच नाही.

चौकशी झाली. मास्तरांना वही घेऊन अलिबागला बोलावलं. करंजाहून रेवसच्या होडीत बसताना त्यांनी कोटाला इस्त्री केली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचं सगळं ऐकलं, आकडे तपासले, आणि बंधाऱ्याची जागा चुकली असा अहवाल दिला. त्यात मास्तरांचं नाव आलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. साहेबाला घरी बसवलं. पंजाबच्या लेखाबद्दलही पुढं काही छापून आलं म्हणतात. मी ते पाहिलं नाही. साहेब त्यानंतर फार जगला नाही. मला वाईट वाटलं नाही.

डाकबंगल्याचा शिपाई मिठागरवाल्यांपैकीच होता. त्यानं त्या दुपारी दुसऱ्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं, पण नोकरीच्या भीतीनं तो बोलला नव्हता. साहेबाची नोकरी गेल्यावर त्याचं तोंड सुटलं. बंधारा मागं न्यायला साहेब तयार होता, एका सहीचं काम होतं, आणि मास्तर "बरं" म्हणाले होते, हे दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. बांधावर मी काय म्हणालो ते कुणालाच कळलं नाही. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

हसुरामनं भावाला जाब विचारला नाही. घरात ताट वाढणं बंद झालं नाही, असं मास्तरांनीच मला सांगितलं. फक्त कुणी बोलायचं नाही. एकदा मी धीर करून त्यांना विचारलं, पस्तावा होतो का. त्यांनी बराच वेळ टाच जमिनीवर दाबून धरली. "होतो. जेवण जात न्हाय. पन तो सायेब आज परत हितं उभा राहिला, तर मी परत तोच प्रश्न आधी विचारीन. दुसरा विचारीन का, ते मना अजून कलत न्हाय."

पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला हसुराम मुंबईला गोदीत कामाला लागला आणि बिऱ्हाड न्यायला आला. सकाळच्या लाँचसाठी मोरा बंदरावर मास्तर आले. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, मी गेलो. हसुराम ट्रंका चढवत राहिला, वर बघितलंच नाही. त्याची पोरं लाँचच्या कठड्याला लागली होती. शेवटी जनी आली. तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती. ती तिनं सोडली. आत मूठभर मीठ होतं, काळपट, शेवटच्या मोसमाचं.

आमच्याकडं मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही. खाली ठेवतात, घेणारा उचलतो. हातावर दिलं की दोघांत भांडण होतं आणि ते मिटत नाही, असं लहान पोरांनाही माहीत असतं. जनी तर मिठागरवाल्यांचीच लेक आणि मिठागरवाल्यांचीच सून. तिनं पुरचुंडी खाली ठेवली नाही. मीठ मुठीत घेतलं आणि मूठ दिरापुढं धरली.

"भावजी, आपल्या वाफ्याचा हाय," ती म्हणाली. या वेळी ती त्यांच्याकडं बघत होती.

लाँचचा भोंगा झाला. हसुराम कठड्याजवळून "चल" म्हणाला. मास्तर तिच्या मुठीकडं बघत राहिले. मग त्यांनी कोटाची बाही मागं सारली, हात पुढं केला, आणि ते मीठ हातावर घेतलं.

मी त्यांच्या दोन पावलं मागं उभा होतो. माझ्यापुढं कुणी मूठ धरली नाही, आणि मीही हात पुढं केला नाही.